भिंतीकडची दोरी

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला गोड बोलता येत नाही. माझे चारही पाय बाभळीचे, स्वभावही तसाच. धावडा गावच्या सुताराने मला घडवलं आणि माझ्या मालकीण द्वारकाबाईंच्या सासऱ्यांनी अंबाडीच्या दोरीने विणलं. या घरच्या कितीतरी बाळंतिणी माझ्यावर निजल्या. खाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा. त्या धुराने माझी दोरी काळी पडली. लोक म्हणायचे, "लई गुणाची बाज हाय." मी फुशारून जायचे. मग घरात पलंग आला, मला गोठ्यात उभं केलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या.

गेल्या वर्षी द्वारकाबाईंची लेक तृप्ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा माझी आठवण झाली. खालून बंद अशा डब्याच्या पलंगाखाली शेगडी कशी ठेवणार? तृप्तीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. म्हणून या खेपेचे नऊ महिने तिने जीव मुठीत धरून काढले. पोटावर हात ठेवून ती बाळ हलण्याची वाट बघत पडून राहायची. "खुशीत राह्य," असं सगळ्यांनी सांगितलं. भीती वाटते का, हे एकानेही विचारलं नाही.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. घरभर पेढे फिरले. तृप्ती मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाळ रडलं की पाजायची आणि पुन्हा कूस बदलायची. ताट तसंच परत जायचं.

आता ऐका आमच्या माणसांची हुशारी. सव्वा महिना बाळंतिणीने बाजेवरून फारसं उतरायचं नाही, ही इकडची रीत. तृप्ती तर उतरायचं नावच घेईना. तिच्या सासूबाई उषाबाई चार दिवस राहायला आल्या आणि बघून खूश झाल्या.

"बाळंतीण असावी तर अशी! बिलकुल हालत न्हाई."

द्वारकाबाईही सुखावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी माझ्यावर निपचित पडली होती, झोपत नव्हती, आणि नखांनी माझी भिंतीकडची दोरी कोरत होती. पीळ उलगडायची, धागा ओढायची, पुन्हा उलगडायची. मला ओरडता येत नव्हतं, पण तुटता येत होतं. एका दुपारी मी ती दोरी सोडून दिली. तृप्ती एका अंगाला खचली.

"झिजली वाटतं," म्हणत द्वारकाबाई दोरी आवळायला बसल्या आणि हात थांबला. झिजलेली दोरी त्या ओळखत होत्या. ही तर कोरलेली होती, उशापासून कमरेपर्यंत.

"तृप्ती, हे तू केलं? झोपत न्हाईस का गं तू?"

"माय, मला ह्या पोरीबद्दल कायच वाटत न्हाई." तृप्ती म्हणाली. "सगळे पेढे खाऊन राह्यले, आन् मला नुसतं रडू येतं. मी वाईट हाय का?"

"वाईट न्हाई, आजारी हायस." द्वारकाबाईंनी तिला कवटाळलं. "मीच आंधळी झाल्ते. चल, दवाखान्यात जाऊ."

उषाबाई दारात आडव्या आल्या. "सव्वा महिना झाला न्हाई आन् उंबरा वलांडता? आमच्यात असं काय नसतं. लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा, विहीणबाई. सरका."

उषाबाई सरकल्या. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, बाळंतपणानंतरचं नैराश्य. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. एका दिवसात काही झालं नाही. कित्येक आठवड्यांनी तृप्ती पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना खुदकन हसली. त्याच हातांनी पुढे तिने माझी दोरी नव्याने विणली.

आता गावात कुणी मला बाळंतिणीसाठी मागायला आलं, की द्वारकाबाई देतात, पण अट घालून. "बाज भिंतीला लावायची न्हाई. मधोमध टाकायची. आन् तिला रोज इचारायचं, झोपलीस का, कसं वाटून राह्यलं."

मित्रांनो, घरात बाळ आलं की सगळे पाळण्याकडे धावतात. तुम्ही आधी आईजवळ बसा. आणि "आमच्यात असं काय नसतं," असं कुणी म्हणालंच, तर त्यांना खुशाल माझ्यावर बसवा. मला अजून तुटता येतं.