बांगड्यांच्या नावावर गेलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी ईसीजीची मशीन आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. हृदयाचे ठोके कागदावर रेघेनं काढायचे, हे माझं काम. मेहकरच्या एका लहान दवाखान्यात मी ते अठरा वर्षं केलं. "काही नाही, गॅस हाय," हे वाक्य मी तिथं इतक्यांदा ऐकलं, की आता माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! पार साखरखेर्ड्याहून माणसं यायची. पुढं माझ्या चिमट्यांवर गंज चढला, कोणी पुसला नाही. मग रेघ वाकडी आली की सगळे माझ्याकडेच बघायचे. आणि पेशंट बाई असली, तर कंपाउंडर गोकुळभाऊंकडे आणखी एक कारण तयार. चिमटे मनगटाला लागतात, पण बायका बांगड्या काढत नाहीत. मोकळा हात अपशकुनी. गोकुळभाऊ बांगड्या वर सरकवत आणि रेघ बिघडली की म्हणत, "बांगड्यायनं हाललं." तो कागद टोपलीत. नीट रेघ येईपर्यंत पुन्हा काढायची आणि तेवढीच डॉक्टरांना दाखवायची.

यास्मीनभाभी बाजारात बांगड्या भरायच्या. त्यांचे स्वतःचे हातही कोपरापर्यंत भरलेले. छातीत धडधड व्हायची, बसल्या बसल्या डोळ्यांपुढं अंधारी यायची, आडवं झालं की बरं वाटायचं. दोनदा मी त्यांच्या ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं काढून दिलं. दोन्ही वेळा टोपली, दोन्ही वेळा गॅसच्या गोळ्या! मी नुसती चडफडत होते. अहो, बांगड्यांनी रेघ थरथरेल, पण ठोक्यांमधलं अंतर कसं बदलेल?

तिसऱ्यांदा त्या एका नवरीला चुडा भरतानाच कोसळल्या. नवरा अब्दुल गनी त्यांना धरून घेऊन आला. पुन्हा तीच रेघ.

"बांगड्या हायेत, मॅडम. अन् मशीन बी म्हातारी झाली," गोकुळभाऊ म्हणाले.

डॉक्टर सारिकाताई दवाखान्यात नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी टोपलीत जाणारा कागद मागून घेतला. "भाभी, बांगड्या काढता येतील?"

अब्दुल गनी भडकला. "सगळ्या? काऊन? मी जित्ता आहो ना अजून! आज बांगड्या काढा म्हणता, उद्या मोठ्या दवाखान्यात धाडसान. मले समजते सगळं."

यास्मीनभाभी हळूच म्हणाल्या, "मी मेल्यावर तुमी उतरवसान, त्यापरीस मीच आत्ता उतरवते."

एकही न फोडता त्यांनी दोन्ही हात मोकळे केले. अब्दुल गनीनं तोंड फिरवलं. मी रेघ काढली. तशीच वाकडी!

सारिकाताईंनी भाभींना बसवून छाती ऐकली, मग झोपवून ऐकली. "बसल्यावर आवाज बदलतोय. मला शंका येतेय," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या मनातलं बोललं.

मोठ्या दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात लिंबाएवढी गाठ लोंबत होती. बसलं की ती झडपेच्या तोंडाशी येऊन रक्त अडवायची, झोपलं की मागं सरायची. फार क्वचित होते अशी गाठ. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला असता, तर भाभी लुळ्या पडल्या असत्या. मला गाठ दिसत नाही, मित्रांनो. काहीतरी गडबड आहे, एवढंच मी सांगू शकते.

ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी भाभी आमच्या दवाखान्यात तपासणीला आल्या, तेव्हा टेबलावर नवी मशीन होती आणि मी कपाटावर. त्यांनी आपणहून बांगड्या उतरवल्या आणि विचारलं, "ते जुनी कुठी हाय?" मला खाली घेऊन त्यांनी ओढणीच्या टोकानं माझे चिमटे पुसले. मला भरून आलं.

मित्रांनो, आमची निगा राखा. आमच्यावर गंज असला की आमचं खरंही खोटं ठरतं. आणि हाताशी आलेलं पहिलं कारण लगेच मानू नका. मी आता कपाटावर बसून त्या टोपलीकडं बघत असते. यास्मीनभाभींच्या आधी किती जणींचे कागद तिच्यात गेले, ते कोणीच मोजलं नाही. त्या सगळ्या घरी गेल्या, गोळ्या घेऊन. त्यांतल्या काही पुन्हा कधीच आल्या नाहीत.