टुंग म्हटलं की बटण बंद

मित्रांनो, नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर एका टेबलावर जुना लॅपटॉप आहे. त्याच्या पाठीला जाड डिक्शनरीचा टेकू लावलाय, नाहीतर तो मान टाकतो. तो मीच.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, बॅटरी दिवसभर चालते. खरंच चालायची. वल्लरीच्या मांडीवर बसून मी अख्खं कॉलेज केलं. सबमिशन झालं की ती माझ्या झाकणावर हात फिरवून म्हणायची, गुणी आहेस. आता वीज गेली की पाच मिनिटांत माझे डोळे मिटतात.

त्यात तिच्या खोलीतला प्लग बिघडलेला. दुरुस्तीला माणूस येणार, असं तिचे आजोबा माधवराव गणपतीपासून सांगतायत. म्हणून हॉलमधून एक्स्टेन्शन आत आणलेली. वल्लरी हॉलमध्ये बटण दाबायची आणि मी चार्ज होतोय का ते बघायला आत पळायची. पिन सैल असली की पुन्हा बाहेर. शेवटी ती वैतागून माझ्या सेटिंग्जमध्ये शिरली, सिस्टीममध्ये पॉवर शोधलं आणि तिथे झोपलेलं चार्जिंगच्या आवाजाचं बटण चालू केलं.

मला बोलता यायला लागलं! वीज आली की टुंग. हॉलपर्यंत ऐकू जायचं. पण वीज गेली तर काय म्हणायचं, त्याची सोय सेटिंग्जमध्ये नव्हती.

घरातली बटणं बंद करणं हे माधवरावांचं रिटायर झाल्यापासूनचं काम. त्यांचं गणित सोपं. मायक्रोवेव्ह वाजला, झालं. वॉशिंग मशीन वाजलं, झालं. उठायचं आणि बटण बंद करायचं.

वर्षभर नुसते नकार ऐकल्यावर वल्लरीला एक ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. तिने हॉलमध्ये बटण दाबलं. मी आतून टुंग म्हटलं. ती निश्चिंत होऊन आत आली, दार लावून बसली. आजोबा उठले.

मला लगेच कळलं. वायर माझ्यात खुपसलेली होती, पण तिच्यात काही नव्हतं. ओरडायचं कसं? मी कोपऱ्यात लाल बॅटरी दाखवली. त्या कोपऱ्यावर वल्लरीने उत्तरांची चिठ्ठी चिकटवलेली. समोरच्या बाईंनी विचारलं, ऐनवेळी अडचण आली तर काय करता? वल्लरी मोठ्या तयारीने सांगायला लागली आणि माझे डोळे मिटले.

ती बाहेर धावली. "बटण कोणी बंद केलं?"

"मी," आजोबा म्हणाले. "वाजलं ना ते. झालं म्हणून वाजतं. तुझं लक्ष नसतं."

मंदाकिनीआजी मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "झालं तिचं. आता वाढून घ्या."

आजोबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात फोन आला. लाइट गेली असेल, असं त्या बाईंना वाटलं होतं. पाच वाजता पुन्हा बोलू म्हणाल्या.

पाचला आजोबा बोर्डाजवळ खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. वल्लरीने बटण दाबलं. टुंग. आजोबांचा उजवा हात आपोआप उठला. त्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, तो मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले. इंटरव्ह्यू संपेपर्यंत हलले नाहीत. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायले.

वल्लरीला नोकरी लागली. कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिला. तिने मला फडक्याने पुसलं आणि आजोबांना देऊन टाकलं.

आता रोज सकाळी आजोबा मला प्रेमाने चार्जिंगला लावतात. मी टुंग म्हणतो. ते बटण बंद करतात. मग माझ्यावर पेपर उघडतात, अग्रलेखाच्या अर्ध्यात माझे डोळे मिटतात आणि ते आजीला सांगतात, ह्याच्यात काही दम नाही राहिला.

मित्रांनो, घरात काही वाजलं तर बटणाकडे जरूर जा. पण आधी जरा त्याच्या तोंडाकडे बघा. ते संपलं म्हणून वाजतंय की आत्ता कुठे सुरू झालं म्हणून? वल्लरीसाठी आजोबा हातावर बसले. माझ्यासाठी कोण बसणार?