काजळीची पारख

हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेत गॅसचे दिवे आले आणि वालबुर्गाचं काम दुप्पट झालं. पिवळ्या ज्योतीवर काचेची भांडी अशी काळी होत की घासून घासून खांदे भरून येत. अकरा वर्षं ती राख नि वाळू घेऊन प्रयोगशाळेची भांडी घासत होती. नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. काम मात्र चोख.

साहेबलोकांना आता बिनकाजळीची ज्योत हवी होती. एबर्ले मिस्त्री महिनाभर पितळी नळ्या कातत होते. बुडाशी भोकं पाडून गॅसमध्ये आधीच हवा मिसळायची, असा बेत. भोक लहान झालं तर काजळी धरे, मोठं झालं तर ज्योत फडफडून विझे. प्रत्येक नळीवर चिनी मातीची पांढरी बशी धरायची आणि वालबुर्गाला बोलवायचं. साहेबांचे डोळे फसत, तिचा अंगठा फसत नसे.

"आहे. थोडीशी," ती म्हणे.

"पोटासाठी खोटं सांगताय ना, बाई?" मिस्त्री चिडवत.

तिला हसू येत नसे. बशी कोरी निघाली की तिची गरज संपली, हे व्यवस्थापकाने तिला तोंडावर सांगितलं होतं. दुसरं काम कुठे मिळणार होतं?

सोमवारी दुपारी निळसर, दिसे न दिसेशी ज्योत उभी राहिली. वालबुर्गा मोरीवरून तशीच उठून आली आणि तिने बशीवर अंगठा फिरवला. काळा फराटा उमटला.

"गेली, हीपण गेली!" मिस्त्री मटकन बसले. मग नळी काढायला त्यांनी हात घातला.

बशीवरून अंगठ्याला काजळी लागलीच नव्हती; मोरीतल्या भांड्यांची काजळी अंगठ्यावरून बशीला लागली होती. वालबुर्गा गप्प राहिली असती तर हिवाळा तरी निघाला असता. भीती वाटेल, मोह होईल, म्हणून ती थांबली. काहीच झालं नाही.

"राहू द्या, मिस्त्री. डाग माझ्या बोटाचा आहे."

"काय बोलताय कळतंय का, बाई?"

"कळतंय. बशी कोरी आहे."

सवयीने ती बशी घेऊन मोरीवर गेली. राख लागली नाही, वाळू लागली नाही. अंगावरच्या फडक्याने एकदा पुसलं आणि काम संपलं.