निळा रंग दिलेला हापसा

मित्रांनो, परभणीच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून उभा आहे तो मी, एक जुना हापसा. माझ्याकडे आता कोणी वळून बघत नाही. बघितलंच तर थुंकतात. तरी माझी कहाणी ऐका, कारण माझ्यावर आलेला आळ खोटा आहे.

मला इथे आणलं मल्लम्माने. गल्लीतल्या बायांना घेऊन तिने कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं, तेव्हा कुठे बोअरची गाडी आली. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी तिने मला विभूती लावली. पुढे माझी साखळी कुरकुरली की घरातलं तेल आणून घालायची. आमचा हापसा म्हणजे मायबाप, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी फुगून जायचो.

मग घरोघर नळ आले. त्यांना पाणी यायचं आठवड्यातून एकदा, तेही मेहेरबानी केल्यासारखं, पण नळ तो नळ. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! शेजारी तीन मजली इमारत उठली आणि तिच्या संडासाचा खड्डा अगदी माझ्या बुडाशी खणला गेला. कोणी हरकत घेतली नाही. मल्लम्मानेसुद्धा नाही. जमिनीखाली काय झिरपतंय ते मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

गल्लीच्या आरोग्याचं बघणारी आशाताई, सुकेशनी, हिने एकदा बाटलीत माझं पाणी तपासायला नेलं. ते दूषित निघालं. तिने मला लाल रंग फासला आणि हे पाणी पिऊ नका, असं दारोदार जाऊन सांगितलं. मला लाज वाटली, पण जिवाला शांतही वाटलं.

त्याच सुमारास मल्लम्माची सून रुद्राणी बाळंत झाली. सव्वा महिन्याने बाळंतिणीने पाण्याची पूजा करायची आणि मगच घागरीला हात लावायचा, ही इकडची रीत. कोरड्या नळाची पूजा कशी करणार? मल्लम्माला मीच हवा होतो, पण लाल नको होतो. तिने मुलाला, पंकजला, निळ्या रंगाचा डबा आणायला सांगितलं. तो अडून बसला.

"आई, ते पाणी पेऊ नगा म्हणलंय ना आशाताईनं?"

"पेतंय कोण? नुसती पूजाच करायची हाय. नात झाली आन् असलं रगतावाणी तोंड पुजायचं व्हय?"

पंकजने रंग दिला. रुद्राणीने मला हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्या ठेवल्या आणि रीतीप्रमाणे भरली घागर घेऊन घरी गेली. पुजलेलं पाणी कोण ओतून देतं? घरच्यांनी ते तीर्थ म्हणून घोट घोट घेतलं. रुद्राणी उन्हातून आली होती, ती तांब्याभर प्याली. गल्लीने माझा निळा रंग पाहिला आणि पाणी सुधारलं असं समजून हंडे लावले.

दोन-तीन दिवसांत घराघरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सलाईनवर तगले. रुद्राणी ओली बाळंतीण, अंगात रक्त नव्हतं. ती दवाखान्यातून परत आली नाही.

चौकशीला साहेब आले. पाणी खराब होतं तर खूण का केली नाही, असं त्यांनी सुकेशनीला विचारलं. आपण स्वतःच्या हाताने लाल रंग दिला होता, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. साहेबांनी माझ्या निळ्या अंगाकडे पाहिलं, मग मल्लम्माकडे. तिच्या मांडीवर नात झोपली होती. पंकज खाली मान घालून उभा होता.

"लाल रंग आमी कवाच पाह्यला न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "ह्या हापशानं खाल्ली माझी सून."

ज्या तोंडाने मायबाप म्हटलं, त्याच तोंडाने ती हे बोलली. मी लोखंडाचा, पण त्या दिवशी आतून फुटलो. गल्लीनेही मल्लम्माचीच री ओढली आणि सुकेशनीचं काम गेलं. माझा दांडा काढून नेला. तो खड्डा मात्र अजून तसाच झिरपतो आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात लाल रंग दिलेला हापसा दिसला तर त्याला नटवू नका. त्याला कुरूपच राहू द्या. आम्हा मुक्यांना बोलायला तेवढा एकच शब्द मिळतो. माझा शब्द माझ्याच माणसांनी पुसला, आणि वर मलाच खुनी ठरवलं.