सुगंधेचं गाऱ्हाणं

सुगंधेचं बिऱ्हाड एका फेरीत हलायचं. मासळीची पाटी, दोन मडकी, देवाची तसबीर आणि फुटक्या घागरीत लावलेलं माडाचं रोप. माडाच्या झापांची झोपडी मागाहून रापणीचं जाळं ओढणारे चार बाप्ये खांद्यावर घेऊन यायचे आणि वर तिच्याकडे चहाही मागायचे.

देवबागची पट्टी म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधली सगळी वाळू बागवाल्यांची. दर्यावर पोट भरणाऱ्यांच्या नावावर पाय टेकण्यापुरतीही जमीन नव्हती. सुगंधेची पहिली जागा उधाणाने नेली. दुसरी ज्या बागेत होती, ती मालकाने मुंबईच्या शेठला विकली आणि शेठच्या नाकाला मासळीचा वास सोसवेना. तिसरी जागा भिकाजीच्या बागेचा कोपरा. नवरा गेल्यावर ती तिथेच राहिली. बागेची राखण करायची, माडांना पाणी घालायचं, अधूनमधून ताजे बांगडे पोचवायचे. अट एकच: झोपडी घाल, पण झाड लावायचं नाही. झाड लावलं की हक्क लागतो, असं सगळ्याच बागवाल्यांचं म्हणणं. म्हणून रोप बिचारं घागरीतच खुरटत होतं.

सगळं बरं चाललं होतं, तोच कूळकायद्याचं वारं सुटलं. भिकाजीचा मेव्हणा वेंगुर्ल्याला एका वकिलाकडे कारकून. त्याने येऊन सांगितलं, "जो जमनीर बसलो, जमीन तेचीच होतली." कायद्यात नेमकं काय होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यानेच भिकाजीची झोप उडाली. माणूस वाईट नव्हता हो, नुसता घाबरट. पण गोरगरिबांची घरं वाईट माणसांपेक्षा घाबरटांनीच जास्त उठवली आहेत.

"सुगंधे," तो खाली बघत म्हणाला, "नारळी पुनव झाली की झोपडी काढ गो."

"आणि जाव खंय?"

"ता माका विचारू नको. माका रात्री झोप येणा नाय."

"तुमका घर आसान झोप येणा नाय, भाऊनू. माका घर नसताना खंयसून येतली?"

भिकाजी अडकित्त्यात सुपारी धरून बसून राहिला.

सुगंधा सगळी पट्टी फिरली. कायद्याचं वारं प्रत्येक बागेत शिरलेलं. तोंडावर नाही कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांनी बसायला पाट दिला, गुळाचा चहा दिला आणि विषय बदलला. चहा पिऊन पिऊन तिच्या पोटात गुडगुडायला लागलं, पण जागा काही मिळाली नाही.

शेवटी ती आबांकडे गेली. आबा म्हणजे रापणीचे तांडेल, मोठं जाळं ओढणाऱ्या साऱ्या मंडळींचे पुढारी. नारळी पुनवेला दर्याला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आबांनी देवाकडे एकेक मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्यावर साऱ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की तो देवासमोर दिलेला शब्द. आणि या 'व्हय म्हाराजा'त भिकाजीचा हात धरणारा पट्टीवर कुणी नव्हता. डोळे मिटून, डोलत, असा आवाज लावायचा की खाडीपलीकडचे कुत्रे भुंकायचे. मागणं काय आहे ते तो ऐकत असेल, असं मात्र कुणाला वाटत नसे. सुगंधेला तर नाहीच नाही.

"आबानू, यंदा गाऱ्हाण्यात माझा नाव घालशात काय?"

आबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. "घालतलंय की. देवाक खरा सांगूक कोणाची परवानगी होई?"

पुनवेला सगळा गाव किनाऱ्यावर जमला. भिकाजी नवं धोतर नेसून पुढेच उभा. आबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा दर्या म्हाराजा, तुझी लेकरां आज तुका नारळ देतत, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"होडयेक वाट दी, रापणीक मासो दी, गेलेल्याक सुखरूप घराक आण."

"व्हय म्हाराजा."

"आणि म्हाराजा, ही सुगंधा भिकाजीच्या बागेत झोपडी घालून रवता. तेना दिलेलो आसरो तसोच ऱ्हवांदे. तेका तिची भिती नको आणि तिका तेची."

गाव क्षणभर थबकला आणि तेवढ्यात भिकाजीचा एकट्याचा आवाज घुमला, "व्हय म्हाराजा." मागोमाग साऱ्या गावाने तो उचलला. आबांनी वेळ न घालवता नारळ लाटेवर सोडला. भिकाजीने डोळे उघडले, तर बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

दिवसभर गावाला तोच विषय पुरला. सुगंधेने घावणे केले, नारळाचा रस केला, पण ताट तसंच झाकून ठेवलं. जागा राहिली खरी, पण ती अशी. संध्याकाळी ती उठली आणि थेट भिकाजीच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊनू, तुमी न आयकता व्हय म्हणालात. फसवून घेतलेली जागा माका नको. आबांका सांगान शब्द मागे घेवा. मी खंयतरी जातलंय."

भिकाजीने सुपारी कातरली, तोंडात टाकली, सावकाश चघळली.

"डोळे मिटले म्हणान कान मिटतत काय गो?"

"मगे एवढ्या मोठ्यान कित्याक म्हणालात?"

"हळू म्हटला आसता तर गावान आयकला नसता. आणि गावान आयकला नसता तर सकाळी माका परत भिती वाटली आसती." त्याने अडकित्ता बाजूला ठेवला. "ता घागरीतला रोप काढ आता. पण झोपडीपास्ना लांब लाव. माड मोठो झालो की नारळ डोक्यार पडतलो."

माडाला नारळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. एवढ्या पुढचा विचार सुगंधेने जन्मात कधी केला नव्हता. तिला एकदम रडू आलं.

"आता रडतंस कित्याक?"

"नारळ डोक्यार पडलो तर, म्हणान," ती पदराने डोळे पुसत म्हणाली आणि कुदळ मागायला त्याच्याच पडवीत शिरली.