काचेतला केंड

मार्गशीर्षातलं मवाळ, मधुवर्ण ऊन अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून ओघळत साताऱ्यातल्या त्या खिडकीशी येई आणि टेबलावरच्या काचेच्या पेटीत शिरे. पेटीतलं खारं पाणी क्षणभर उजळून जाई. नील, हरितनील, सुवर्णनील.

त्या पाण्यात एक केंड राहत होता. गोलमटोल, ठिपकेदार, पोपटासारख्या चोचीचा. भ्याला की पोट फुगवून चेंडू होणारा मासा.

आत्माराम केळुसकरांनी देवबागच्या दर्यावर जन्म काढला होता. पत्नी गेली, गुडघे थकले, होडी विकली; मग लेक वैजयंती त्यांना इथे, डोंगरांच्या कुशीत घेऊन आली. इथे गाज नव्हती. इथल्या वाऱ्याला मिठाचा वास नव्हता. ते गप्प झाले. ओहोटीनंतरच्या किनाऱ्यासारखे विस्तीर्ण, विरक्त, गप्प.

बाबांना सोबत म्हणून तिने मासा आणला, आणि तो निघाला केंड. ज्या तीक्ष्णदंत जातीने जन्मभर त्यांची जाळी कुरतडली, तिच्यातलाच एक.

“ह्या चोराक हय कित्याक हाडलंस गो?” एवढंच बोलून त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

पण केंड त्यांना ओळखू लागला. चाहूल लागली की काचेशी येई, इवले पंख थरथरवी, पाचूसारखे डोळे त्यांच्यावर रोखी. खुर्ची हळूहळू वळत गेली. सकाळचा चहा ते त्याच्यासमोर पिऊ लागले.

आणि एके दिवशी केंडाने अन्न सोडलं. तळाच्या वाळूवर तो पडून राही. मलूल, म्लान, मेणवर्ण. वैजयंतीने कोळंबी बारीक करून दिली, त्याने तोंड फिरवलं. ती धास्तावली. हा गेला तर बाबा पुन्हा भिंतीकडे वळतील, आणि मग परत इकडे वळणार नाहीत.

आत्मारामांनी वाकून, निरखून पाहिलं. मऊ खाऊन खाऊन त्याचे दात न झिजता वाढले होते. तोंड नीट मिटत नव्हतं. त्यांनी लेकीला बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणायला सांगितल्या, कवचासकट. पहिली शिंपली तशीच पडून राहिली. दुसरीही. ते हलले नाहीत. जाळं टाकून वाट पाहावी तसे बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, आवाज आला. कट्. कट्. मग कवच फुटल्याचा स्वच्छ, शुभ्र नाद.

आत्माराम हसले. हसता हसता डोळे भरून आले.

“ह्येनी जाळा फाडल्यान,” ते म्हणाले, “म्हणानच तुझी आवस माझ्या बाजूक येवन बसायची. शिवूक.”

आईचा विषय निघताच वैजयंती त्यांच्या पायाशी बसली. त्यांची कृश, कष्टजीर्ण बोटं हवेत हलू लागली. फास, गाठ, फास, गाठ. ऊन मावळलं तरी ती अदृश्य सूत ओवत राहिली. आणि त्या विणीत हळूहळू एक अंगण आलं, एक माड आला, माडाची सावली आली. आणि सावलीत मान लववून, ओठांत सुताचं टोक धरून बसलेली, ती.