रंग पुसायची फळी

ब्रायोनी सकाळीच स्टुडिओत येऊन पोचली होती. ॲडलेडच्या त्या खासगी विद्यापीठात चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाची मुलं आज आपापलं काम स्टुडिओच्या भिंतीवर मांडणार होती, आणि त्यातलं एकच वार्षिक प्रदर्शनाच्या दर्शनी भिंतीवर जाणार होतं. तिने आईचं चित्र लावलं होतं. आई, म्हणजे ग्लेनिसबाई, अख्खा हिवाळा त्यासाठी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा मनासारखा उतरेना की लेक रंग खरवडून शेजारच्या एका लाकडी फळीला पुसायची, आणि आई बिचारी पुन्हा हनुवटी वर करून बसायची. "दर्शनी भिंतीवर तूच असशील," असा शब्द लेकीने देऊन ठेवला होता.

ती फळीही चित्राशेजारीच टेकवलेली होती. उचलायची राहून गेली, दुसरं काही नाही.

वर्गाचा नियम असा, की सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ज्याचं काम त्याने तोंड उघडायचं नाही. मंडळी आली, आईवरून नजर फिरवली आणि थेट फळीपुढे जाऊन उभी राहिली.

"आयला, काय हिंमत आहे!" टोबी म्हणाला.

"शेजारचं चित्र मुद्दाम गुळगुळीत ठेवलंय बघ, हे उठून दिसावं म्हणून," दुसरी एक शहाणी म्हणाली.

शिकवणाऱ्या इंग्रिडबाई तर चक्क गुडघे टेकून बसल्या. "कुणीतरी इथे सारखं येऊन जातंय," त्या पुटपुटल्या.

हसावं की रडावं, ब्रायोनीला कळेना. हे थट्टा करतायत का? की आपल्यालाच आपलं काम दिसत नाही? ओरडून सांगावं, तर नियम आडवा.

"आता बोल," इंग्रिडबाई शेवटी म्हणाल्या. "हे तुझंच ना?"

"हो." ती नुसती रंग पुसायची फळी आहे, हे काही तिने सांगितलं नाही. फळी दर्शनी भिंतीवर गेली आणि आईची रवानगी जिन्याखाली झाली.

प्रदर्शनाला ग्लेनिसबाई केस सेट करून, चित्रासाठी बसताना घालायच्या तोच हिरवा स्वेटर घालून आल्या. "कुठाय गं मी?"

ब्रायोनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, तुझ्याऐवजी त्यांनी माझी रंग पुसायची फळी निवडली. आणि मी मूर्ख, गप्प बसले."

ग्लेनिसबाईंनी चष्मा चढवला. फळीपुढे वाकून त्यांनी एका रंगावर बोट ठेवलं.

"हा हिरवा माझ्या स्वेटरचा?"

"हो."

"आणि हा गालांचा. किती वेळा पुसलंस गं बये मला! मला वाटायचं सगळं वाया गेलं. मी तर इथे साठत होते."

"आई, रागावलीस?"

"रागावू कशाला? शब्द पाळलास की. चल, फोटो काढ माझा इथे. आणि ते जिन्याखालचं घरी आणू नकोस हं. कोण ती बाई, मी ओळखत नाही तिला."

ब्रायोनीने फोन वर धरला. तिला हसू येत होतं, डोळेही भरून आले होते, आणि आई मात्र फळीला खेटून, हनुवटी वर करून, सवयीने अगदी स्तब्ध उभी होती.